हृदयाच्या शस्त्रक्रियेआधीचा व्यायाम : सुरुवात कुठून, किती आणि कुठे थांबायचं

बायपास किंवा व्हॉल्व्हची शस्त्रक्रिया ठरली की तारखेपर्यंत बहुधा काही आठवडे हातात असतात. बरेच जण ते पलंगावर घालवतात. छातीत काही होईल ही भीती असते, घरचे उठू देत नाहीत, आणि माणूस ऑपरेशन थिएटरमध्ये जातो तेव्हा महिन्याभरापूर्वी होता त्याहून अशक्त झालेला असतो. ही भीती खरी आहे आणि काही रुग्णांच्या बाबतीत योग्यही आहे. पण डॉक्टरांनी हालचालीला परवानगी दिलेली असेल, तर हे आठवडे वाया घालवू नका.

शस्त्रक्रियेत काय होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे तयारी कशाची करायची ते कळेल. नेहमीच्या पद्धतीत छातीच्या मधलं हाड उभं कापतात, हृदयाचं काम काही वेळ हार्ट-लंग मशीनकडे देतात आणि श्वास व्हेंटिलेटर देतो. या वेळात फुफ्फुसांचा तळाचा भाग मिटून बसतो. शुद्धीवर आल्यावर छाती दुखते, म्हणून श्वास वरवरचा होतो, खोकला दाबला जातो, कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. पायही झपाट्याने उतरतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं होतं, तेवढ्यात त्यांच्या पायांतला जवळजवळ एक किलो स्नायूभार गेला.

व्यायामाने ब्लॉकेज सुटत नाही, व्हॉल्व्ह दुरुस्त होत नाही. त्याने श्वासाच्या आणि पायांच्या स्नायूंमध्ये थोडी शिल्लक साठते, आणि शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दिवस त्या शिलकीवर निघतात. नेदरलँड्समधला २००६ सालचा एक अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. फुफ्फुसांच्या गुंतागुंतीचा धोका जास्त असलेले बायपासचे २७९ रुग्ण त्यात होते. त्यांतल्या निम्म्यांनी शस्त्रक्रियेआधी किमान दोन आठवडे, रोज २० मिनिटं श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम केला. त्यांच्यात न्यूमोनिया ६.५ टक्क्यांना झाला, बाकीच्यांत १६.१ टक्क्यांना.

१. आधी परवानगी, तीही स्पष्ट शब्दांत

ही पायरी ओलांडून पुढचं काहीही करू नका. ‘थोडं चालत जा’ एवढ्यावर समाधान मानू नका. हृदयरोगतज्ज्ञ किंवा सर्जन यांना हे प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहून घ्या :

– मी चालण्याचा व्यायाम करू शकतो का? घरी एकट्याने, की फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच?
– नाडी किती आणि रक्तदाब किती, याच्या वर जायचं नाही?
– स्ट्रेस टेस्टमध्ये (पट्ट्यावर चालवून घेतात त्या तपासणीत) ईसीजी बदलला असेल तर तो नाडीच्या किती ठोक्यांवर? (व्यायामात नाडी त्याच्या किमान १० ठोके खाली ठेवायची असते.)
– छातीतल्या दुखण्यावरची जिभेखालची गोळी किंवा स्प्रे मला चालतो का?

पुढच्यापैकी काही असेल तर व्यायाम नाही, किंवा फक्त रुग्णालयात, डोळ्यांसमोर : बसल्या जागी येणारं किंवा वाढत चाललेलं छातीतलं दुखणं, नुकताच आलेला हार्ट अटॅक, डाव्या मुख्य धमनीतला मोठा अडथळा, ताब्यात नसलेलं हार्ट फेल्युअर, अनियमित ठोके, महाधमनीचा मोठा फुगा किंवा चीर, व्हॉल्व्हचा जंतुसंसर्ग, हृदयात रक्ताची गुठळी, विश्रांतीतला रक्तदाब १८०/११० च्या वर, ताप.

महाधमनीचा व्हॉल्व्ह फार अरुंद झालेल्यांसाठी वेगळं सांगावं लागतं, कारण इथे चूक सगळ्यात सहज होते. चालताना पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि हृदयाला जास्त रक्त बाहेर ढकलावं लागतं. व्हॉल्व्ह अरुंद असेल तर ते जास्तीचं रक्त बाहेर पडतच नाही, रक्तदाब एकदम खाली येतो आणि माणूस चक्कर येऊन कोसळतो. अशांना चक्कर, छातीत दुखणं किंवा धाप यांपैकी काही होत असेल, तर चालण्याचा कार्यक्रम घरी अजिबात सुरू करू नये. श्वासाचा व्यायामही डॉक्टरांना विचारूनच. सातव्या पायरीतल्या हालचाली मात्र तेही डॉक्टरांना विचारून हळूहळू शिकू शकतात.

फिजिओथेरपिस्टकडे जाताना एकाच फाईलमध्ये हे न्या : टू-डी एकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट, अँजिओग्राफीचा रिपोर्ट, ताजा ईसीजी, स्ट्रेस टेस्ट झाली असेल तर तिचा कागद, रक्ततपासण्या (हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, एचबीए१सी), चालू औषधांची वेळेसकट यादी, आणि सांधे, पाठ, दमा यांचे जुने कागद. हिमोग्लोबिन आवर्जून पाहून घ्या. रक्त कमी असेल तर दम त्यामुळेही लागतो, आणि तो कितीही चालून कमी होणार नाही.

२. आजची पातळी मोजून ठेवा

तीन मोजमापं पुरेशी आहेत. पहिलं म्हणजे सहा मिनिटांत किती मीटर चालता. हे ३० मीटरच्या सरळ पट्टीवर करतात आणि ते फिजिओथेरपिस्टसमोरच करा. दुसरं, नेहमीच्या चालीने ५ मीटर जायला लागणारे सेकंद. ६ किंवा जास्त लागले तर ते सर्जनना नक्की सांगा, कारण ज्येष्ठ रुग्णांत ही मंद चाल शस्त्रक्रियेचा धोका वाढल्याची खूण मानतात. तिसरं, हात छातीवर आडवे घेऊन ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उभं राहता येतं. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाचे १४ पेक्षा कमी किंवा स्त्रीचे १२ पेक्षा कमी झाले, तर पाय कमजोर समजायचे. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाला हे आकडे १२ आणि १० आहेत.

३. साहित्य

हात नसलेली, भिंतीला टेकवलेली भक्कम खुर्ची (बैठक साधारण ४३ सेंटीमीटर उंच), मागून बंद असलेले बूट, सेकंदकाटा दिसणारं घड्याळ, रक्तदाबाचं यंत्र, पल्स ऑक्सिमीटर, मध्यम आकाराची घट्ट उशी, इन्सेंटिव्ह स्पायरोमीटर (श्वास ओढायचं तीन चेंडूंचं यंत्र), आणि फिजिओथेरपिस्टनी सांगितलं असेल तर श्वासाला अडथळा देणारं स्प्रिंगचं यंत्र. एक वही. ऑक्सिमीटर गार बोटावर किंवा नेलपॉलिश लावलेल्या नखावर चुकीचा आकडा दाखवतो, तेव्हा बोट आधी चोळून गरम करा.

४. श्वासाचा व्यायाम : सगळ्यात आधी हाच

हातात पाचसात दिवसच असतील तर चालण्याचा हट्ट धरू नका. हा व्यायाम आणि सातवी पायरी, एवढंच करा. इतक्या कमी दिवसांत पायांत ताकद येत नाही, पण श्वासाची सवय लागते.

इथे दोन वेगळी यंत्रं आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. तीन चेंडूंचं स्पायरोमीटर फुफ्फुसं पूर्ण फुगवायला शिकवतं. स्प्रिंगचं यंत्र श्वास आत घेणाऱ्या स्नायूंना वजन उचलायला लावतं. वर सांगितलेला डच अभ्यास प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारच्या यंत्राचा होता.

तीन चेंडूंचं यंत्र हातात आलं की बरेच लोक त्यात फुंकर मारतात. चेंडू जागचे हलत नाहीत आणि यंत्र बिघडलंय असं वाटतं. हे यंत्र ओढायचं असतं. ताठ बसा, यंत्र डोळ्यांसमोर सरळ धरा (तिरकं धरलं तर चेंडू खोटेच वर जातात), पूर्ण श्वास सोडा, नळी ओठांत घट्ट धरा आणि स्ट्रॉने घट्ट पेय ओढावं तसं सावकाश ओढा. पहिला चेंडू वर जातो, मागून दुसरा. झटका मारला तर तिन्ही उडतात आणि लगेच पडतात, त्याचा उपयोग नाही. दोन चेंडू दोनतीन सेकंद वर तरंगत राहणं हे तीन चेंडू क्षणभर उडवण्यापेक्षा चांगलं. नळी काढा, श्वास सोडा, दोन साधे श्वास घ्या, मग पुढचा. असे १० श्वास, दिवसातून चारपाच वेळा. सलग घाईने केलं तर डोकं हलकं होतं आणि बोटांना मुंग्या येतात. तसं झालं की थांबा, साधे श्वास घ्या, ते आपोआप जातं.

स्प्रिंगच्या यंत्राचा अडथळा अंदाजाने लावू नका. फिजिओथेरपिस्ट आधी तुमची श्वास ओढण्याची कमाल ताकद मोजतात आणि त्याच्या ३० टक्क्यांवर सुरुवात करून देतात. नाकाला चिमटा लावून रोज एकदा २० मिनिटं, मधे दम खात. झालेला त्रास ० ते १० मध्ये मोजा. आकडा ५ च्या खाली असेल तर पुढच्या वेळी अडथळा ५ टक्क्यांनी वाढवायचा, नाहीतर आहे तोच ठेवायचा. कानाचा पडदा फाटलेला असेल किंवा फुफ्फुसाभोवती हवा साचण्याचा त्रास नुकताच झाला असेल, तर हे यंत्र वापरायचं नाही. तोंडात धरायचा भाग रोज धुवा आणि यंत्र दुसऱ्या कोणाला देऊ नका.

५. चालणं

जेवणानंतर किमान तासदीड तास जाऊ द्या. पोट भरलेलं असताना हृदयावर आधीच काम असतं आणि छातीत लवकर दुखतं. गार वाऱ्यात आणि कडक उन्हात बाहेर पडू नका, घरातल्या घरात चाला. रस्ता सपाट हवा. सोबत कोणी असावं, खिशात जिभेखालची गोळी आणि फोन असावा.

सुरुवातीची पाच मिनिटं रेंगाळत चालायचं आणि शेवटचीही पाच. शेवटची पाच लोक हमखास गाळतात आणि घरी येऊन थेट खुर्चीत बसतात. चालताना पायांत उतरलेलं रक्त पोटऱ्या हलत असतात म्हणून वर येत राहतं. पाय एकदम थांबले की ते खालीच राहतं, रक्तदाब पडतो, चक्कर येते आणि ठोके चुकू शकतात.

पहिल्या आठवड्यात मधलं चालणं फक्त ५ ते १० मिनिटं, दिवसातून दोनदा. ते सहज जमलं तर दर दोन दिवसांनी एकदोन मिनिटं वाढवा, २० ते ३० मिनिटांपर्यंत. ज्यांना पाच मिनिटंही सलग जमत नाहीत त्यांनी दोन मिनिटं चालणं, एक मिनिट उभं राहणं, असं पाच वेळा करावं. शरीराला ते तितकंच चालतं. एका वेळी एकच गोष्ट वाढवा : आधी वेळ, मग वेग. काल बरं वाटलं म्हणून आज दुप्पट, हा प्रकार नको.

जोर किती लावायचा हे नाडीवर सोडता येत नाही, कारण बऱ्याच रुग्णांना बीटा ब्लॉकर (ठोक्यांचा वेग कमी ठेवणारी औषधं) चालू असतात आणि ती नाडीला फारशी वर जाऊ देत नाहीत. नाडी ९० दाखवते आणि माणूस मात्र धापा टाकत असतो. म्हणून स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी तयार केलेली ६ ते २० ची श्रमाची पट्टी वापरा. ६ म्हणजे अगदी आराम, २० म्हणजे याहून जास्त अशक्य. (सुरुवात ६ पासून आहे, कारण आकड्याला दहाने गुणलं की औषध नसलेल्या तरुण माणसाची नाडी साधारण तेवढी येते.) तुम्ही ११ ते १३ मध्ये राहायचं. पट्टी लक्षात राहत नसेल तर बोलून पाहा : पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर श्वास तुटत असेल तर वेग कमी करा.

मधुमेहावर इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या असतील तर निघण्याआधी साखर मोजा. १०० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खा. बीटा ब्लॉकरमुळे साखर उतरल्यावरची धडधड आणि थरथर झाकली जाते. घाम मात्र येतो, तेव्हा अवेळी आलेल्या घामाकडे लक्ष ठेवा.

६. पायांची ताकद

आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सोडून. खुर्चीतून उठबस ८ ते १० वेळा, दोन फेऱ्या. खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणं १० ते १५ वेळा. भिंतीला हात टेकून भिंतीकडे झुकणं आणि परत येणं ८ वेळा. एवढंच. जड वजनं, प्लँक, एखादी वस्तू जोर लावून ढकलत राहणं, हे बंद.

जोर लावताना श्वास कोंडू नका. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब काही क्षणांत खूप वर जातो. उठताना ‘फू’ करून श्वास सोडा, बसताना आत घ्या. मोजणी मोठ्याने केली तर श्वास कोंडणं शक्यच होत नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या थोड्या दुखणं साहजिक आहे, पण जिना उतरणं अवघड होत असेल तर फेरी जास्त झाली.

७. शस्त्रक्रियेनंतरच्या हालचाली आत्ताच शिका

हा भाग सर्वांत कमी शिकवला जातो, आणि शस्त्रक्रियेनंतर पहिल्याच दिवसापासून कामाला येतो. कापलेलं हाड तारेने बांधतात आणि ते जुळायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर हातांवर भार देऊन उठता येत नाही. औषधांच्या गुंगीत, छाती दुखत असताना नवी हालचाल शिकणं फार कठीण असतं. आत्ता रोज तीनदा केली, तर अंग तेव्हा स्वतःहून ती करतं.

पलंगावरून उठणं : पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, उशी दोन्ही हातांनी छातीशी कवटाळा. आता खांदे आणि कंबर एकत्रच कुशीवर वळवा, ओंडका वळवावा तसं, मधे पीळ पडू न देता. दोन्ही पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडा. पायांचं वजन खाली जातं तसं धड वर येऊ लागतं, खालच्या कोपराचा आधार अगदी हलका. बसल्यावर मिनिटभर थांबा, मगच उभे राहा.

खुर्चीतून उठणं : बैठकीच्या पुढच्या कडेला सरका. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्या. उशी छातीशी धरा, नाक पायांच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं वाका आणि पायांवर उभे राहा. उठता येत नाही असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांची अडचण एवढीच असते की पावलं फार पुढे असतात आणि पाठ ताठ असते. पावलं मागे घेतली की ते उठतात. सुरुवातीला बैठकीवर एक उशी ठेवून उंची वाढवा, चार दिवसांनी ती काढा.

खोकणं : बसून उशी छातीच्या हाडावर घट्ट दाबा. खोल श्वास घ्या, मग आरशावर वाफ धरावी तसं तोंड उघडं ठेवून ‘हा’ करत जोराने श्वास सोडा. असं दोनदा, मग एक खोकला. याने कफ वर येतो आणि छातीला हिसका कमी बसतो.

हात : कोपरं बरगड्यांना चिकटवून कामं करण्याची सवय लावा. चष्मा घेणं, शर्ट घालणं, दार उघडणं. लांबची वस्तू हवी असेल तर हात लांबवण्याऐवजी आपण जवळ जायचं.

आणखी एक. शुद्ध येते तेव्हा घशात व्हेंटिलेटरची नळी असू शकते आणि बोलता येत नाही. हे माहीत नसलं की माणूस घाबरतो आणि नळीशी झटतो. घरच्यांशी हाताच्या तीन खुणा आधीच ठरवा : दुखतंय, तहान लागली, श्वास घ्यायला त्रास होतोय.

८. कधी थांबायचं

छातीत आवळल्यासारखं, जबड्यात, डाव्या हातात किंवा पाठीत दुखणं, चक्कर, ठोके चुकणं, गार घाम, ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९० च्या खाली : यांपैकी काहीही झालं की तिथेच थांबा आणि बसा. डॉक्टरांनी सांगितली असेल तर जिभेखालची गोळी बसूनच घ्या, उभ्याने घेतली तर रक्तदाब पडून कोसळाल. लैंगिक दुर्बलतेवरची सिल्डेनाफिलसारखी गोळी घेत असाल तर जिभेखालची गोळी घेता येत नाही, आणि हे डॉक्टरांना संकोच न करता आधीच सांगा. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर रुग्णवाहिका बोलवा. स्वतः गाडी चालवू नका.

काही खुणा सावकाश येतात आणि सवयीच्या होऊन बसतात. आधी दोनशे पावलांवर येणारी कळ आता पन्नास पावलांवर येऊ लागली, तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं, पावलं सुजली, रात्री उशा वाढवाव्या लागल्या : व्यायाम बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. तारखेची वाट पाहू नका, कदाचित तारीख अलीकडे आणावी लागेल.

९. व्यायामाइतकंच महत्त्वाचं

तंबाखू आणि धूम्रपान, शक्यतो शस्त्रक्रियेच्या चार आठवडे आधीपासून पूर्ण बंद. कमी दिवस उरले असले तरीही बंदच. व्हॉल्व्हची शस्त्रक्रिया असेल तर दातांची तपासणी आधी उरकून घ्या, किडलेल्या दातातले जंतू रक्तातून नव्या व्हॉल्व्हवर जाऊन बसू शकतात. आहारात प्रथिनं पुरेशी हवीत, नाहीतर व्यायामाने स्नायू भरत नाहीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

१०. शेवटचा आठवडा

तारखेआधी दोन दिवस खुर्ची-भिंतीचे व्यायाम आणि चालण्याची वाढ थांबवा. हलकं चालणं आणि श्वासाचा व्यायाम चालू ठेवा. सर्दी, खोकला किंवा ताप आला तर सगळं थांबवून रुग्णालयाला फोन करा. तो लपवून दाखल होणं धोक्याचं आहे. तारीख पुढे गेली तर आहे त्या पातळीवर राहा, मिळालेले जास्तीचे दिवस वेग वाढवण्यात घालवू नका.

दाखल होताना पिशवीत फाईल, वही, स्पायरोमीटर, उशी, मागून बंद असलेले बूट, चष्मा आणि ऐकण्याचं यंत्र असेल तर ते. वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहा : स्पायरोमीटरवर किती चेंडू किती सेकंद, खुर्चीतून ३० सेकंदांत किती वेळा, सलग किती मिनिटं चालणं, आणि ठरवलेल्या तीन खुणा. वॉर्डातल्या फिजिओथेरपिस्टना आणि अतिदक्षता विभागातल्या नर्सना हे पान पहिल्याच दिवशी दाखवा.